हपुषा

रविवार पेठेत इरण्णा हुक्केरींचं काष्ठौषधींचं दुकान.
लाकडी खणांवर नावं, निम्मी कानडीत, निम्मी मराठीत,
काही नुसतीच पुसलेली.
मी म्हटलं, जुनिपर.
ते म्हणाले, एनु?
मोबाइलवर फोटो दाखवला: काळसर निळे मणी,
सुकलेल्या करवंदांसारखे.
"हपुषा की ही! सूज उतरायला देतो आम्ही."
छटाकभर कागदात बांधली, दोरा दातानं तोडला
आणि विचारलं, कुणाला सूज आलीय?

सांगायला काही सोपं नव्हतं.

एकोणीस वर्षं मी जिनच प्यायलो.
रमला रंग असतो, व्हिस्कीला असतो,
बिअरचा फेस मिशीला लागतो.
जिन तांब्यात ओतली की तांब्याचं पाणी.
देवघरासमोरून नेलीय मी ती.
सासऱ्यांच्या तेराव्याला पंगतीत बसून प्यायलोय,
वाढपी पोरगं वरून पाणी घालायला आलं
तर भांड्यावर आडवा हात: साकु, साकु.

चोर्ल्याचा घाट चढून येताना
कणकुंबीच्या नाक्यावर हवालदारानं
पाण्याची बाटली उचलली.
मागच्या सीटवर रेणू, सात वर्षांची.
"ते बाबांचं पाणी," ती म्हणाली,
"कडू असतं."

तेव्हापासून ती हुंगायला लागली.
ग्लास, तांब्या, गाडीतली बाटली, माझी उशी.
न बोलता.

मी उद्यमबागेत गेज घेऊन बसणारा माणूस.
भोकात गो जायला हवा, नो-गो जायला नको,
एवढ्यावर पगार.
शतांश मिलिमीटर हुकला तरी माल परत पाठवतो.
स्वतःला मोजायची पाळी आली
तर ड्रॉवरमध्ये गेज सापडेना.

सोडून आता चौदा महिने झाले.
मधलं काही लिहीत नाही.
शनिवारी मात्र सातेरीच्या गच्चीवर जायचं होतंच,
दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ,
मालगाडी गेली की तिथं सगळ्यांचे ग्लास एकदम बोलतात.
नुसता सोडा धरून बसलो एकदा,
लग्नातल्या फोटोग्राफरसारखं वाटलं:
सगळ्यांत आहे, कुणाचा नाही.
मग दारू नसलेली जिन मागवली, बंगळूरहून, कुरियरनं.
सातेरीनं बिल वाचलं.
"नसलेल्या वस्तूचे एवढे पैसे?"

म्हणून हे घरचं.
चमचाभर हपुषा ठेचून, चमचाभर धणे,
लिंबाची साल, आतला पांढरा भाग टाळून,
गवती चहाचं एक पातं,
खानापूरच्या भरमाण्णानं दिलेली तिरफळं, चार.
रात्रभर पाण्यात. सकाळी बायकोच्या जुन्या ओढणीतून गाळायचं.

पहिली खेप काढा झाली.
दुसरी जरा बरी.
तिसऱ्या खेपेला जिभेच्या टोकावर
तोच झोंबरा रानवास आला, अगदी तोच,
आणि मी इतका घाबरलो
की अख्खं पातेलं मोरीत ओतलं,
वर बादलीभर पाणी.
पुढच्या शनिवारी पुन्हा केलं. हपुषा निम्मी घातली.

"काय पिऊलास रे?"
"हपुषा."
"चढते?"
"नाही. सूज उतरते म्हणे."
सातेरी हसला, मग हसायचा थांबला,
आणि स्वतःच्या ग्लासात बर्फ शोधायला लागला.

रेणू आता पंधराची.
काल टेबलावरचा माझा ग्लास उचलून
तिनं नाकाशी नेला. बराच वेळ.
वास तर जिनचाच होता.
मी काही बोललो नाही.
"हे नुसतं पाणी आहे" हे वाक्य
या घरात मी आधीच वापरून संपवलंय.

तिनं एक घोट घेतला.
"तिरफळ जास्त झालंय."
ग्लास खाली ठेवला, अभ्यासाला गेली.

आज सकाळी माझा चहाचा कप धुवायला नेताना
तिनं तोही हुंगला.
मी पेपरचं पान उलटलं,
पाहिलंच नाही असं.