घडीचं पायडल

सुगत ताकसांडे दुकानात आला तेव्हा
ते चाक त्यानं कडेवर घेतलं होतं,
बकरीचं आजारी पिल्लू आणावं तसं,
आणि दर पावलाला उजवं पायडल खाली पडून
त्याच्या नडगीवर बसत होतं.
"मिस्त्रीनबाई, हे मिटलेलं राहतच नाही ना."

मारेगावच्या बसस्टँडमागं माझं दुकान.
बोअरच्या मोटरी, फवारणीचे पंप,
एखाद्या वेळेस पिठाची गिरणी.
सीट नाही, हँडल नाही, एकच चाक
आणि दोन बाजूंना दोन पानं,
असलं काही मी उघडलं नव्हतं.
चहावाला गुलाब ओरडला,
"बाकीची गाडी कुठं सांडली बे पोट्ट्या?"

सुगत थुंकीचे नमुने गोळा करतो,
सहा गावं, पाठीवर थंड पेटी.
कोळशाच्या ट्रकांनी रस्त्याची चाळणी केली
तिथं उतरतो, पायडलं मिटतो,
चाक उचलून चालतो,
पुन्हा उघडतो, पुन्हा चढतो.
दिवसातून चाळीस वेळा. त्यानं मोजलंय.
बनवणाऱ्यानं मोजलं नसावं.

उघडल्यावर आडवं राहायचं.
नाही, आडव्यापेक्षा जरासं वर,
बाहेरची कड उचललेली,
म्हणजे वळणावर जमिनीला घासत नाही.
मिटल्यावर अंगाला चिकटून, गप.
मधे एक पिन. सगळा माणूस त्या पिनेवर.
ती वाकली होती, भोक लांबट झालं होतं,
आणि लोहचुंबक नाल्याजवळच्या काळ्या मातीनं गिळलं होतं.

"तिरपं झालं की घोटा दुखते," तो म्हणाला.
मी काही बोलले नाही.
स्टुलावर बसताना गुडघ्याजवळची कडी
बोटानं वर ओढली, पाय घडी झाला.
तो आवाज त्यानं ऐकला,
आणि लगेच पान्यांकडं पाहू लागला.

कडी वर, बसता येतं.
कडी खाली, उभं राहता येतं.
सातवीत असताना कडी झिजली,
पंधरा ऑगस्टला, झेंड्यासमोर,
पाय आपल्या मनानं मिटला.
हेडमास्तर म्हणाले, हिला बसायची घाई.
त्या रात्री बाबांनी कंदिलाशी चकती घासली
आणि पाना माझ्या हातात दिला,
"धर. तुया पाय आहे, तुलेच समजलं पाहिजे."

जुन्या शाफ्टच्या तुकड्यातून पिन काढली,
पितळेचं बुश ठोकलं.
केसाएवढी सैल ठेवली.
फार कसली तर चिखलात अडकते,
फार सोडली तर डुगडुगते,
किती ते कोणत्याच पान्यावर लिहिलेलं नसतं.
लोहचुंबक मंडळाच्या फुटक्या भोंग्यातलं,
आरत्या आणि जत्रेत हरवलेल्या पोरांची नावं
ओरडून ओरडून थकलेलं.

तो तुरीच्या काडीसारखा हलका,
त्याच्या वजनावर माझा भरवसा बसेना.
चाकाला दोन्हीकडून विटा लावल्या,
सुगतनं ते धरलं, मी दाराची चौकट.
लोखंडी पट्टीचा बूट पायडलवर ठेवला
आणि चढले.
कडी पडली, खट्.
पायडल हललं नाही.

वीतभर उंचीवरून
गुलाबच्या टिनावर एक लहान चप्पल दिसली,
निळी, पट्टा तुटलेला.
किती वर्षांची असेल, कुणाला माहीत.

"किती झाले?"
"दीडशे. डावंही आण.
बुधवारी नको, बाजार असते."

तो गेला.
रिठ्याच्या झाडापाशी थांबला,
पायडल मिटून पाहिलं,
उघडून पाहिलं,
पुन्हा मिटलं.
नवी कडी बसली की
मीही शाळेच्या वाटेवर
असंच करायची.