नाव घालून मिळेल

पहिल्यांदा झारी गेली. आम्ही म्हटलं, वाऱ्यानं.
मग घमेलं, दोन खुरपी, मढवीबाईंचा विळा.
वाऱ्याला विळा कशाला लागतो?

घणसोलीत, हाय-टेन्शनच्या तारांखाली
पाच जणांचे वाफे, एक पत्र्याची खोप.
वर तारा गुणगुणतात,
खाली चवळी, लाल माठ, कीड लागलेली वांगी.
खोपेला कुलूप आहे,
आणि किल्ली त्या विटेखाली
जी सगळ्या सेक्टरला ठाऊक.

बांधावर उकिडवं बसून सभा झाली.
लुकस म्हणाला, रंग देऊ.
दांडे पिवळेधम्मक केले,
हात आठवडाभर हळद लागल्यासारखे.
नवव्या दिवशी एक दांडा नाल्यात सापडला,
बाभळीचा, गुळगुळीत, नुसताच.
लोखंड तेवढं काढून नेलं होतं.
रंग लाकडाला, भाव लोखंडाला,
हे आमच्याआधी त्याला कळलं.

म्हणून मग कोपरखैरण्याला, भांड्यांच्या दुकानात.
दिगंबर तांबट परातीवर कुणाच्या तरी मामाचं
'सप्रेम भेट' कोरत होता.
गोणी उपडी केली तसा चष्म्यावरून बघत म्हणाला,
"हे कुणाच्या लग्नात देताय?"

अक्षराला दोन रुपये. काना-मात्रा फुकट.
मढवीबाईंना दमयंती लीलाधर मढवी अख्खं हवं होतं,
शिवाय मोबाइल नंबर.
"बरंय, चोराला फोन करता येईल," तांबट म्हणाला.
शेवटी 'दमी'वर भागलं.
लुकसनं नुसता क्रूस मागितला,
आणि तो अक्षर धरायचा की मात्रा
यावर तांबट बराच वेळ अडला.
माझं नाव वामन. सहा रुपये.
जन्मात पहिल्यांदा आईबापांनी
काटकसरीनं ठेवलेल्या नावाचा फायदा.

कुर्रर्र. कुर्रर्र.
स्टीलसारखं नाही हे, तो सांगत होता,
गंजेल, अक्षरं बुजतील, तेल लावत जा.
खुरपं झालं. कुदळ झाली.
फावड्याला तारेचा ब्रश मारला
आणि तो थांबला.
"यावर आहे की आधीच."

बी-४१.
बी शेड, नग एक्केचाळीस.
गंजाच्या आणि चिखलाच्या अठरा वर्षांखालून
ठोकलेले आकडे वर आले,
जसे बुडवलेले भोपळे येतात.

कंपनीच्या गेटवर त्या दिवशी हिंदुराव होता.
पगार सात महिन्यांचे थकलेले,
बॉयलर गार,
आणि माझ्या पिशवीत डब्याखाली हे पातं, फडक्यात.
दांडा बी शेडमध्येच राहिला,
भिंतीला टेकून.
हिंदुरावनं पिशवी हातात धरली, परत दिली.
"डबा जड झालाय आज," एवढंच म्हणाला
आणि रजिस्टरात माझी वेळ लिहिली, पाच वाजून दहा.

तांबटनं ग्राइंडर उचलला. "खोडू?"
दुकानात प्रेशर कुकरच्या शिट्टीवरून
एक बाई भांडत होती.
मढवीबाई माझ्याकडे बघत होत्या.
विळा गेल्यापासून त्या
सगळ्यांकडेच तशा बघतात.
म्हटलं, राहू दे. खाली जागा आहे ना?
"जागा भरपूर आहे."
मग खाली घाल.

वाटेत रिक्षात त्यांनी विचारलंच,
"ते बी-४१ काय हो?"
म्हटलं, माहेरचं नाव.
त्या हसल्या नाहीत.
गोणी मात्र मांडीवर घेतली,
पात्यांची धार आपल्या बाजूला करून.

आता सहा महिने झाले, काही गेलं नाही.
परवा फक्त दुधी गेला, एक, चांगला हातभर.
लुकस म्हणतो, त्याच्यावर नाव घालायचं राहिलं.
मी संध्याकाळी पाती धुतो, तेलाचं बोट फिरवतो.
'वामन'मध्ये माती अडकते, काडीनं काढावी लागते.
वरचे आकडे खोल आहेत,
त्यांच्यात काही अडकत नाही.
किल्ली अजून विटेखालीच ठेवतो.