सहावा ट्रॅक

आगरवाड्याला कार्तिकात मिठाचं कोठार रिकामं असतं,
म्हणून मिळालं. भाडं: दोन पंखे दुरुस्त करून देणे.
भिंतींनी पन्नास वर्षं मीठ चाटलेलं.
टाळी वाजवली तर परत येते
जरा जड होऊन,
ओल्या गोणपाटासारखी.

चार मायक्रोफोन. ऑदिला, तिच्या गिटारीसकट.
मेस्त क्लेओफास, ज्यांचं व्हायोलिन
चाळीस वर्षं चर्चच्या माडीवर
कागदावरचंच बोललं.
आणि खुशाली च्यारी, मांडीवर घुमट घेऊन,
पाहुण्यांचं मूल घ्यावं तसं,
सांभाळून, थोड्या संशयाने.

"आधी घोरपडीचं चामडं असायचं," तो म्हणाला,
"सुराला चिकटलं की चिकटलं.
आता कायद्याने बकरं.
मन लागलं नाही की जातं चरायला."
दर दोन गाण्यांनी तो सोडणांच्या जाळावर
त्या बकऱ्याला शेकून परत आणायचा.
तो जाळ तडतडलाय रेकॉर्डिंगमध्ये.
मी काढला नाही.

पाच गाणी लिहिलेली होती, लिहिल्यासारखी आली.
सहावं तिच्या बापाचं. तारवटी होता.
ती कोंकणीत म्हणाली, मी इथे माझ्या भाषेत ठेवतो:

पेटीच्या तळाशी सात बंदरांची वाळू
कुठली झटकू, बाबा, कुठली सांभाळू

पुढचं कडवं नव्हतंच.
"तिथे पोचलो की बघू," म्हणाली होती सकाळी.
तिथे पोचलो.

तिचा आवाज थांबला, बोटं थांबली नाहीत,
एकाच तारेवर येरझारा घालत राहिली
हॉस्पिटलच्या बाहेर घालतात तशा.
खुशालीने डावा तळवा घुमटाच्या मागच्या तोंडावर ठेवला,
उचलला. ठेवला.
मडक्याला दम लागल्यासारखा आवाज.
आणि मेस्तांनी गज घोडीच्या पलीकडे नेला,
जिथे सूर नसतो, नुसतं लाकूड कण्हतं.
डोळे मिटून. बहुतेक पाद्र्याला दिसू नये म्हणून.

बाहेर भरती लागली होती.
खाजणाच्या बांधात एक लाकडी दार असतं,
ओहोटीला उघडतं,
भरतीचं पाणी येऊन स्वतःच ते लोटून घेतं.
आमच्याकडे त्याला मानस म्हणतात.
हो, तोच शब्द. मी काही जुळवलेलं नाही.
लागण्याआधी ते चौकटीवर आपटतं:
ठक.
मग बराच वेळ काही नाही.
ठक, ठक.

खुशालीने मान वर केली.
पुढचा ठोका त्या दारासाठी मोकळा सोडला.
दार आलं नाही.
हसला. पुन्हा सोडला.
आलं, उशिरा,
आणि ऑदिलाने त्या उशिरावरच
पुढचा स्वर टेकवला.

असं किती चाललं माहीत नाही.
माहीत आहे: आठव्या मिनिटाला
मानस सांभाळणारा लादू दारात येऊन म्हणाला,
"माझी बॅटरी कुणी पाहिली का?"

कुणी उत्तर दिलं नाही. कुणी थांबलं नाही.
मेस्तांच्या व्हायोलिनने मात्र तो प्रश्न उचलला,
शब्द सोडून, नुसती त्याची चढण,
आणि शेवटच्या 'का'ची ती एक पायरी खाली.
दोनदा विचारला. तिसऱ्यांदा अर्ध्यात सोडला.
लादू उंबऱ्यावर बसून राहिला,
काळोखातच.

कंपनी म्हणते, चार मिनिटांत बसवा.
ठकठक काढा, तो माणूस काढा.
काढून पाहिलं. एका क्लिकचं काम.
पण मग व्हायोलिन कुणाला काय विचारतंय
काही कळत नाही,
आणि वाळूचं गाणं
कुठल्याच बंदराला लागत नाही.
परत ठेवलं सगळं. अकरा मिनिटं, वीस सेकंद.

कव्हरवर नावं हवी होती, ती लिहून पाठवली:
घुमट, खुशाली च्यारी आणि एक बकरं.
दार, लादू.

बॅटरी माझ्याच बॅगेत निघाली, केबलींच्या खाली.
चुकून गुंडाळली गेली असणार.
सापडली तेव्हा
अजून मिणमिणत होती.