बारा फूट दोन इंच

स्वयंपाकघराच्या टेबलावर नकाशा पसरलाय.
एका कोपऱ्यावर मिठाची बाटली,
दुसऱ्यावर तुझा चष्मा,
तिसऱ्यावर गोळ्यांचा सात खणांचा डबा,
चौथ्यावर माझं कोपर.
आणि तू, वेंडेल, टेप घेऊन अंगणात,
सकाळपासून तिसऱ्यांदा.

गाडी काही रात्रीतून वाढत नाही, मी म्हणते.
छपरावरचा एसी धरून बारा फूट दोन इंच.
तरी तू आत येऊन लिहितोस
वीजबिलाच्या पाकिटावर, पेन्सिलीनं,
आधीच्या बारा फूट दोनच्या खाली.

घेतली तेव्हा मोंटानाला जायचं होतं.
विकणाऱ्यानं तुला गादी दाबून दाखवली,
मला वीतभर सिंक.
एवढ्यात मासा धुवायचा, तू म्हणालास,
तर आधी माशालाच विचारावं लागेल.
मग तुझ्या मूत्रपिंडांनी संप पुकारला
आणि मोंटाना घडीत गेलं.
सोमवार, बुधवार, शुक्रवार,
चार चार तास, खुर्ची नंबर नऊ.

तेव्हापासून आपला देश एवढाच,
जिथं अशी एखादी खुर्ची रिकामी असेल तेवढा.
मी सतरा फोन केले.
सतराव्या बाईनं नाही म्हटलं नाही.
लार्क लेक, पहाटे साडेपाच, फक्त त्या आठवड्यापुरती,
औषधांचं दुकान आणि नखं रंगवायचं दुकान
यांच्या मधलं दार.
आपल्या दारापासून एकसष्ट मैल.

व्हिलेज म्हणतात त्याला. गाव कसलं,
शिकागोच्या शेपटाचं टोक.
तळं आहे, पण तळ्याभोवती
दातांच्या डॉक्टरांची हिरवळ आहे.
लोकांसाठी काठ म्हणजे एका गल्लीचं टोक
आणि एक बाक.
रस्त्यावर रात्री दहानंतर गाडी उभी करायची नाही.
पाण्याच्या टाकीमागं चार जागा,
तीस अँपिअरची वीज,
मैला उपसणारा येतो फक्त मंगळवारी.
हे सगळं मिसेस ऑस्ट्रँडरनं सांगितलं,
व्हिलेजच्या कचेरीतून, सँडविच खात खात.
आणि पूल.
गावात शिरताना रेल्वेचा पूल, अकरा फूट आठ.

सहा इंच!
सहा इंचांसाठी चौदा मैलांचा वळसा,
मक्याच्या शेतांतून, गायी मोजत.
मी म्हटलं, जाऊ.
मोजायला आपल्याला येतंच की.
दिवसाला एक लिटर पाणी तू मोजून पितोस,
बटाटा दोनदा उकळून, पाणी फेकून खातोस.
असा माणूस तळं बघायला निघालाय
हे मी मिसेस ऑस्ट्रँडरला सांगितलं नाही.
फक्त विचारलं,
त्या चार जागांवरून पाणी दिसतं का?
ती बराच वेळ चावत राहिली.
म्हणाली, गाडीच्या छपरावर चढलात तर कदाचित.

हे मी काल रात्री तुला सांगितलं,
हसण्यासारखं म्हणून.
तू हसलासही.

आता खिडकीतून बघते तर टेप गवतात पडलाय.
गाडीच्या मागच्या शिडीला सात पायऱ्या,
सातवीवर तुझा एक बूट आहे, रिकामा,
आणि तू वर, एसीला टेकून,
गुडघे जवळ घेऊन,
लुंडक्विस्टांच्या गॅरेजकडे
एकटक बघत बसलायस,
जणू त्याच्या पत्र्यावर लाटा येताहेत.

ओरडायला तोंड उघडलं होतं मी.
वय एकाहत्तर, चढतोयस काय!
पण पेन्सिल हाताशी होती.
बारा फूट दोनच्या खाली लिहिलं:
अधिक वेंडेल, बसलेला, अंदाजे तीन फूट.
बेरीज केली नाही.

दार उघडून एवढंच म्हटलं,
उतरताना डाव्या हातावर भार देऊ नकोस,
फिस्टुला आहे तिथं.
आणि घाई नाही.
नकाशाचा एक कोपरा सुटून वर आलाय,
तो मी तसाच राहू दिलाय.