अर्धी शिट्टी

परळच्या लॅबमध्ये रात्रपाळीला मी एकटी असते.
सेंट्रिफ्यूज फिरतं, फ्रीज मधूनच खाकरतो,
आणि डाव्या कानात कुणीतरी
विहिरीतून वर येत असतं.

उजवा कान मोकळा ठेवते, बेलसाठी.

सगळे ऐकून झालेत माझे.
एक आहे, तो पहिल्याच पानापासून घाबरवायला बसतो,
दाराची कडी वाजली तरी याचा घसा थरथरतो.
भूत येईस्तोवर बिचाऱ्याकडे आवाजच उरत नाही.
एक बाई आहेत, कुजबुजतात.
कुजबुज चांगली, पण तिला पेपरमिंटचा वास येतो.
एकाने तर हडळीला मालवणी हेल दिला,
आणि माझी रत्नामावशीच उभी राहिली डोळ्यांपुढे,
म्हणाली, जेवलंस काय गो?

मनोहर किणी मात्र वाचतात
कुणी दळणाचा हिशेब वाचावा तसं.
"तिने दार उघडलं. बाहेर तीच उभी होती."
एवढंच. थांबणं नाही, सुस्कारा नाही.
टेबलावर किल्ली ठेवावी तसं वाक्य ठेवतात
आणि निघून जातात.
किल्ली कसली, ते तुमचं तुम्ही बघा.

एकदा पहाटे तीनला ट्यूबवर नाव लिहिताना
माझा हात थांबला होता.
नाव माझंच होतं.
म्हणजे माझ्याच नावाची दुसरी कुणीतरी,
वय सत्तर, शुगर, उपाशीपोटी.

मेमध्ये आईच्या ठेवीचं काम निघालं.
गिरगावातली पतपेढी, अकरा माणसं पुढे,
कॅलेंडरवर अजून एप्रिल.
आणि काचेमागून आवाज आला,
"मृत्यूचा दाखला. मूळ प्रत."

मानेवरचे केस उभे राहिले.
विहीर, तो दोर, ती बाई, सगळं
काचेच्या चौकोनी भोकातून बाहेर आलं
आणि रांगेत माझ्यामागे उभं राहिलं.

किणी ना? मी विचारलं.
अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला शाईचा डाग.
दचकलेच आधी. मग इकडेतिकडे बघून म्हणाले,
हळू बोला, मॅनेजरना माहीत नाही.

इतकं थंड कसं वाचता तुम्ही?

"थंड कुठलं? भीती वाटते हो मला.
लवकर संपावं म्हणून सरळ वाचतो.
रविवारी भर दुपारी, कपाटात तोंड घालून,
दोन्ही बाजूंना गोधड्या.
खोलीचं दार उघडंच. पलीकडे बायको लसूण सोलते.
नवव्या प्रकरणात नीट ऐका,
विहिरीच्या जरा आधी आमच्या कुकरची शिट्टी आहे.
कापली, तरी अर्धी राहिलीच."

मग शिक्का मारला, कागद सरकवला,
आणि खात्री करायला मोठ्याने वाचलं,
"कुमुदिनी शांताराम परुळेकर."
थांबणं नाही, सुस्कारा नाही.
दहा महिन्यांत आईचं नाव
इतकं नीट कुणी ठेवलं नव्हतं कुठे.
सही करताना मला पेन दिसेना.

त्या रात्री नववं प्रकरण लावलं.
सेंट्रिफ्यूज बंद केलं.
उजव्या कानातही घातलं, बेल वाजली तर वाजली.
बाई दोर धरून वाकली,
खाली पाणी हललं,
आणि होती ती. खरंच होती.
नखाएवढी. कुणाच्या तरी वरणाची.

वाटलं होतं, आता भीती जाईल.
गोधड्या माहीत झाल्या, लसूण माहीत झाला,
माणूस माहीत झाला.

पण उरलेली अर्धी शिट्टी
कुठे गेली असेल,
या विचाराने मी बराच वेळ
मान वळवली नाही.