दोन काचा

एकाच दुपारी आल्या दोघींच्या बरण्या,
फॉर्मालिनचा तोच डोळ्यांना झोंबणारा वास.
एक साक्रीच्या हेमांगीची, वय अठ्ठावीस.
दुसरी सोनगीरच्या वच्छलाबाईंची,
वयाच्या रकान्यात "साठ-बासष्ट व्हई".

वॉर्डात म्हणे दोघींनी एकच डबा खाल्ला,
कळण्याची भाकरी, लसणाची चटणी.
मला बायका दिसत नाहीत.
मला दिसतात मेणातले काप,
गुलाबी-जांभळे, केसाहून पातळ.

हेमांगीची काच:
फांदीला फांदी, फांदीला फुटवे,
पेशी एकमेकींच्या अंगावर चढलेल्या,
काही सुटून मोकळ्यात तरंगताहेत.
सगळा हूडपणा. पण तळाची रेघ शाबूत.
ती रेघ मी पूर्ण चालले,
आणखी अठरा तुकडे कापून घेतले,
कुठे खिंडार आहे का बघत.
नव्हतं.

वच्छलाबाईंच्या काचेत
रेघच शोधावी लागली.

आणि दोन्हींत वाळू होती.
कॅल्शियमचे गोल कण, कांद्यासारखे पापुद्रे,
जणू मे महिन्यातल्या पांझरेतून मूठभर उचललेले.
त्या कणांवरून काहीच ठरत नाही.

पुस्तकात दोन रेषा काढलेल्या असतात.
एक जवळजवळ आडवी:
पाच वर्षांनी शंभरातल्या पंच्याण्णव.
दुसरी जिना उतरते,
पोटभर पसरल्यावर सापडली तर
तीस, चाळीस.
पहिलीच्या खाली बारीक अक्षरात टीप:
दहा वर्षांनीही परत येऊ शकते.
ती टीप मी अहवालात लिहिली,
मग जरा सौम्य करून परत लिहिली.

तिसऱ्या दिवशी वच्छलाबाई स्वतः खिडकीशी,
मुलगा मागे, पिशवी धरून.
"ताई, तिनी बी गाठ, मनी बी गाठ.
मंग तिलेच घर काबर धाडं?"

हे सांगणं माझं काम नाही, डॉक्टरांचं आहे.
तरी बोलून गेले:
तिची अजून बांधावरच उभी होती.

"आनि मनी?"

माझ्या हातात शिक्का होता, ओला.
त्यांनीच मान हलवली.
"वलांडी गयी व्हई."

मग पिशवीतून काढला स्टीलचा डबा,
घासून लख्ख, झाकणावर खिळ्याने कोरलेलं ह.

"तिना डबा मनाकडे रही गया.
ती वनी का दी देजो."

फडताळात बरण्यांशेजारी ठेवलाय.
हेमांगीची तपासणी सहा महिन्यांनी.
वच्छलाबाईंची पहिली सलाईन
येत्या मंगळवारी.