हजार दाण्यांचं वजन

जालन्यात, औद्योगिक वसाहतीत,
बियाणं तपासायच्या खोलीत माझी नोकरी आहे:
दाणे मोजायची.
पांढरा ट्रे, चिमटा, शाळू ज्वारी.
शंभराची एक ढेरी, अशा आठ,
त्यावरून हजार दाण्यांचं वजन काढायचं.
म्हणजे खरं सांगायचं तर हजारही मोजत नाही.
आठशे मोजते,
दोनशे मानते.

परवा हजाराचे तेहेतीस ग्रॅम भरले,
म्हणजे क्विंटलाच्या पोत्यात तीस लाख दाणे.
जेवताना हे बोलून गेले
तर बाबांनी घास हातात तसाच धरला.
"तीस लाख? मोजले कुणी?"

सटवाजी मापारी, जुन्या मोंढ्यातले.
पायलीनं मापायचे तेव्हा
पहिल्या मापाला कधी एक म्हणाले नाहीत.
लाभ, म्हणायचे. मग दोन. मग तीन.
काटे आले, पोती आली,
तरी पहिलं पोतं लाभच.
हाताखालून गेलं नाही
ते त्यांच्या हिशेबात आलंच नाही.

मी म्हटलं, सेकंदाला एक दाणा धरा.
हजाराला सतरा मिनिटं,
चहा उकळून, पिऊन, कप विसळून होतो तेवढी.
लाखाला एक अख्खा दिवस आणि वर चार तास.
"अन् झोप?"
झोप नाही.
"मग कोटीला?"
एकशे सोळा दिवस, रात्री धरून.
ते हसले. "म्हंजी शाळूच की.
पेरल्यापासून काढेपर्यंत."

चार वर्षं मी शाळू मोजते आहे.
हे मला सुचलं नव्हतं.

अब्जाला मात्र मी जरा थांबले.
एकतीस वर्षं आठ महिने.
मोंढ्यात पहिल्यांदा पोत्याला हात लावला तेव्हापासून
गुडघ्यांनी नाही म्हटलं तोवर
साधारण एवढेच भरतात.
बाबा काही बोलले नाहीत.
तांब्या ओढला, पाणी प्यायले,
तांब्या होता तिथं ठेवला.

पेपरात हे दोन आकडे एकाच ओळीत बसतात,
सख्खे भाऊ असल्यासारखे.
मधे नुसती दोन शून्यं.

शून्याचं म्हणाल तर
जूनमध्ये समरीनच्या हातून रजिस्टरात एक जास्तीचं पडलं.
त्याला वजन नसतं, ज्वारीच्या कोंड्याइतकंही नसतं.
पण एका गोदामाची दहा झाली
आणि आम्ही दोघी दुपारभर
नसलेल्या नऊ गोदामांच्या चाव्या शोधत होतो.

बाबांना अब्जाच्या पुढचं पाठ आहे,
चौथीत छडीखाली शिकलेलं:
खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी,
अंत्य, मध्य, परार्ध.
अंत्य झाल्यावर मध्य!
नावं ठेवणाऱ्याला शेवट करवेना,
पुन्हा अर्ध्यावर येऊन बसला.

परार्ध दाण्यांचं मी पाठच्या कागदावर मांडून पाहिलं.
शंभर पोत्यांचा एक ट्रक,
ट्रकला ट्रक लावून रांग केली
तर चंद्रापर्यंत चारदा जाऊन येते
आणि वर थोडी उरते.
बाबांनी कागद उलटा सुलटा पाहिला.
"हमाली कोन देनार?"

रात्री लाइट गेली.
डब्याचं झाकण वाजलं,
मग खाटेवरून आवाज आला, त्यांचा, मोंढ्यातला,
इतक्या वर्षांनी:
लाभ.
दोन.
तीन.
मी अंधारात पडून ऐकत होते.
साठाच्या पुढे आवाज बसला,
नव्वदच्या आसपास एकदा चुकला, मागे गेला,
पुन्हा चालू झाला.

लाइट आली तेव्हा ते मुठीकडे बघत होते.
"किती झाले?"
"एकशे दोन.
हे मोजलेले. बाकीचे तू मान."

सकाळी खाटेखाली मुंग्या एक दाणा ओढत होत्या.
एकशे तिनावा असेल.